हातपुसण्याचा रंग

वन्संनी ते फडकं टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी पसरलं, त्याचे चारी कोपरे बोटांनी सरळ केले आणि भावाला म्हणाल्या, "दादा, मला हा रंग हवा."

दादांच्या बायकोचा, थोरलीचा, घास हातातच राहिला. एकतर हे फडकं जेवणाच्या टेबलावर यावं हेच तिच्या पचनी पडणारं नव्हतं. रंगखोलीच्या दारामागच्या खिळ्यावर ते तिच्या सासऱ्यांच्या काळापासून लटकत होतं. रंगाच्या पिंपातून हात बाहेर काढावा, पाणी निथळू द्यावं आणि उरलेली ओल त्याला पुसावी, एवढंच त्याचं काम. ते धुवायचं नाही असा घरचा दंडक होता, आणि का धुवायचं नाही हे विचारायची सोय नव्हती. पन्नास वर्षांत जेवढ्या नवऱ्या या घरचे कपडे घालून उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांच्या रंगाचा शेवटचा थेंब त्या हातपुसण्यानं पिऊन ठेवला होता. त्यातून जो रंग झाला होता त्याला नाव नव्हतं. राखाडी म्हणावं तर आत कुठेतरी जांभळं हलायचं, जांभळं म्हणावं तर ते धुरासारखं विरून जायचं. कबुतराच्या गळ्याखाली असतो तसा, असं छोटी म्हणायची.

"हवा म्हणजे? कशाला?" धाकट्या जावेनं विचारलं. कारखान्यातलं इस्त्रीचं टेबल तिच्याकडे होतं आणि कापडावरची काय, बोलण्यातलीही सुरकुती तिला खपत नसे.

"लग्नाला," वन्सं म्हणाल्या. "माझ्या."

लग्न सतरा दिवसांवर आलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी वन्संनी रीळवाल्याशी लग्न करायचं ठरवलं, ही गोष्ट घरानं महिनाभरापूर्वीच पचवली होती, थोडी खळखळ करून का होईना. तीस वर्षं तो माणूस धाग्यांची पेटी घेऊन या दारात येत होता. बायको जाऊन त्याला सहा वर्षं झाली होती. आणि वन्संच्या भरतकामाचा एकूण एक टाका त्याच्याच धाग्याचा होता. तेव्हा आज ना उद्या हे होणारच होतं, असं आता सगळे म्हणत होते. महिन्यापूर्वी मात्र एकानंही तसं म्हटलं नव्हतं.

पण रंगाचं काय? या घरच्या लेकी लाल घालतात. बाजारातला लाल नव्हे, घरचा लाल, सासऱ्यांनी मंजिष्ठेच्या मुळ्यांतून काढलेला, उन्हात धरला की आत दिवा लावल्यासारखा दिसणारा. लेकीचं कापड बापानं नाहीतर भावानं स्वतःच्या हातानं रंगवायचं, तिथे पगारी रंगारी चालत नाही. आणि घेराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, त्या लेकीची खूण भरायची. एकीचा मासा, एकीचं ताऱ्यासारखं फूल, छोटीची तर कात्री, कारण ती कापायला बसते. खूण एका टाक्यानं अपुरी ठेवतात. तो टाका लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीनं स्वतः घालायचा.

"वन्सं, थट्टा पुरे झाली," थोरली म्हणाली.

"थट्टा कुठली, वहिनी?"

"लोक तोंडात शेण घालतील आपल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या मुली सजवल्या आणि घरची मुलगी फडक्यात गुंडाळली म्हणतील."

"घरची मुलगी पंचावन्नची आहे. तिला गुंडाळायला फडकं पुरायचंही नाही."

छोटीला हसू आवरेना. ती थोरलीची मुलगी. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली तरी रोज सकाळी कात्री चालवायला इथेच हजर. "आई, बाहेर बघ जरा. हल्लीच्या नवऱ्या काळ्यात उभ्या राहतात. गेल्या महिन्यात आपणच एकीला शेवाळी दिला, त्याच्या बाहीवर आत्यानं कोळ्याचं जाळं काढलं. आणि तू त्या पोरीला काय सांगितलंस? 'जाळं म्हणजे चिकाटी, संसाराला फार चांगलं!'"

"ते गिऱ्हाईक होतं."

"म्हणजे मन गिऱ्हाइकालाच असतं, घरच्या माणसाला नाही?" छोटीचा आवाज चढला. "मला मोहरीचा पिवळा हवा होता. तू मला नमुनाही बघू दिला नाहीस."

थोरलीनं तो वार ऐकून न ऐकल्यासारखा केला. नक्षीचे अर्थ लावण्यात तिचा हात कुणी धरला नसता, हे खरं होतं. डाळिंब म्हणजे भरलं घर, दोन पक्षी म्हणजे जन्माची सोबत, असं ती गिऱ्हाइकाला इतक्या खात्रीनं सांगायची की पोरींच्या आयांना गहिवरून यायचं. वन्सं मागच्या खोलीत हसत बसायच्या. कारण डाळिंब त्यांनी बहुतेक वेळा कापडावरचा डाग झाकायला काढलेलं असे.

"मला विचाराल तर," धाकटी जाऊ म्हणाली, "लालच बरा. वयाला खुलतो." मग तिनं फडक्याचा कोपरा उचलून खिडकीकडे धरला आणि क्षणभर बघतच राहिली. "पण हाही काही वाईट नाही हो," ती सावकाश म्हणाली. थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं कोपरा झटकन खाली ठेवला.

आता उरले दादा. रंगाऱ्यानं बोलायचं कमी आणि बघायचं जास्त, हे बापाचं सांगणं त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की थोरली त्यांना मौनीबाबा म्हणायची. त्यांनी फडकं जवळ ओढलं, नाकाशी नेलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"बघू," ते म्हणाले.

त्या 'बघू'चे अर्थ लावण्यात थोरलीची एकतीस वर्षं गेली होती. आजचा तिला लागला नाही.

*

दुपारी सगळे कामाला बसल्यावर ती माळ्यावर गेली. माळ्याला एकच झरोका होता आणि त्यातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात धूळ इतकी संथ फिरत होती की खाली चाललेली शिलाई यंत्रं कुठल्या तरी दुसऱ्याच घरात चालली आहेत असं वाटावं. तिनं पेटी उघडली आणि स्वतःचा लग्नाचा पोशाख बाहेर काढला.

लाल तसाच होता. एकतीस वर्षांत तिची कंबर गेली, केस गेले, सासूसासरे गेले, हा मात्र जसाच्या तसा. तिनं घेर मांडीवर घेऊन उलटा केला. आतल्या शिवणीपाशी, नखाएवढी, मधमाशी होती.

सासरे, म्हणजे वन्संचे अण्णा, त्यांना माशी म्हणायचे. काम करताना त्यांचं सारखं गुणगुणणं चाले म्हणून.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पोशाख उतरवताना थोरलीला ती पहिल्यांदा दिसली आणि गंमत वाटली. बावीस वर्षांची पोर, तिला काय ठाऊक? खुणेची रीत तिला तीन महिन्यांनी कळली, आणि तीही बाहेरून, एका जुन्या शिवणाऱ्या बाईकडून. त्याच बाईनं सांगितलं की वन्संचं लग्न ठरलं होतं, पोशाख तयार झाला होता आणि तीन आठवडे राहिले असताना मुलाचं पत्र आलं. तो दुसऱ्याच कुणाबरोबर दूर देशी निघून गेला होता. पुढच्याच महिन्यात दादांचं लग्न होतं. या घरात कापड पडून राहत नाही, सासरे म्हणाले. पोशाख चार बोटं वर घेतला, कमरेत आवळला आणि सुनेच्या अंगावर चढवला. आवळण्याचं काम अर्थातच वन्संनी केलं. एवढ्या बारीक हाताचं दुसरं होतं कोण?

थोरली त्या दिवशी धावत येऊन पेटी उघडून बसली होती. माशीचे चारही पंख भरलेले होते. तीन सोनेरी आणि चौथा मळकट, कसल्याशा धुरकट धाग्याचा. सोनेरी संपला असेल म्हणून. पण पंख पुरे होते, तिच्यासाठी टाका शिल्लक नव्हता. म्हणजे वन्संनी स्वतःचा टाका घालून घेतला होता. त्या पोशाखाची नवरी होऊन गेली होती, आणि थोरली नुसती तो घालून उभी राहिली होती.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. वन्सं काही बोलल्या नाहीत. एकतीस वर्षं दोघी एका टेबलाला समोरासमोर जेवल्या, एकमेकींची दुखणी काढली, छोटीला दोघींनी मिळून वाढवलं. आणि रोज केव्हातरी, भाजी चिरताना नाहीतर गिऱ्हाइकाची मापं लिहिताना, थोरलीच्या मनात यायचं की मी हिचा लाल नेला.

आता सतरा दिवसांत तो परत करायची संधी आली होती, आणि ही बाई फडकं मागत होती. थोरलीला रडू आलं. तिनं ते घेरातच पुसलं.

*

वाळवणाच्या दालनात वाट चुकणं नवीन माणसाला अगदी सोपं होतं. छतापासून जमिनीपर्यंत ओली कापडं टांगलेली असत आणि त्यांच्या मधून चालताना खोल्यांमागून खोल्या लागत. निळ्या खोलीतून पिवळ्या खोलीत, तिथून हिरव्या. बोलणाऱ्याचा आवाज कुठून येतो ते कळत नसे. जो उजेड पडे तो कापडातून गाळून, त्यामुळे माणसाचा चेहरा पावलागणिक बदलायचा. लहानपणी छोटी तिथे झोपायला जायची आणि स्वप्नं रंगीत पडतात म्हणून सांगायची.

रीळवाला पेटी घेऊन आला तेव्हा थोरलीनं त्याला तिथेच गाठलं.

"तुम्हीच सांगा तिला काहीतरी," ती म्हणाली. "लग्नात कुणी असला विटका रंग घालतं?"

रीळवाला गुलाबी कापडाशेजारी उभा होता, त्यामुळे लाजल्यासारखा दिसत होता. कदाचित लाजलाही असेल. "त्या हातपुसण्याचा ना? तो मी ओळखून आहे, वहिनी. तीस वर्षं तिनं दर खेपेला तोच धागा मागितलाय. पेटी उघडली की पहिला प्रश्न तो. आणलात का? मी म्हणायचो, नाही मिळाला, पुढच्या वेळी बघतो."

"मिळालाच नाही?"

तो इकडेतिकडे बघून घेतल्यावर आवाज उतरवून म्हणाला, "अकराव्या वर्षी मिळाला होता. हुबेहूब."

"मग?"

"दिला असता तर तिनं मला विचारायचं काय? सगळी घरं मला बघताबरोबर किती रिळं आणलीत म्हणायची. ही एकटी म्हणायची, शोधलंत का." तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "बायको होती तेव्हा माझी. वाकडं काही मनात नव्हतं, खरं सांगतो. पण कुणीतरी आपली वाट बघतं, एवढंच. ते रीळ अजून घरी आहे. आता तिला सांगायला हवं, आणि ती मला सोलून काढणार."

थोरलीला हसावं की रागवावं कळेना. हाही फितूर. एकंदर लालच्या बाजूला ती एकटीच उरली होती, कारण धाकट्या जावेचा कौल तर वाऱ्यावर होता. सकाळी ती छोटीबरोबर कबुतरं बघायला गच्चीवर गेली होती.

पलीकडच्या कुठल्यातरी खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. वन्सं कापडं चाचपत फिरत होत्या. थोरलीला त्या दिसल्या नाहीत, फक्त एका लाल कापडावर त्यांची सावली आली, थांबली आणि पुढे सरकली. लाल कापडावरची ती सावली बावीस-चोवीस वर्षांच्या मुलीची असावी इतकी बारीक होती. थोरली बघत राहिली. सावली गेल्यावरही बराच वेळ ती तिथून हलली नाही.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला रंगखोलीत गाठलं. "अहो, काय वाट्टेल ते करा, पण लाल करा. एकदा कापड लाल झालं की ती नाही म्हणणार नाही. तुमच्या हातचा लाल ती परत देईल का?"

दादा मुळ्या कुटत होते. त्यांनी हात थांबवला, बायकोकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आहे हे त्यांना दिसलं असावं.

"लाल करतो," ते म्हणाले.

चार दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

*

लेकीच्या रंगाला घरातल्या सगळ्यांनी उभं राहायचं असतं. लग्नाला नऊ दिवस असताना, सकाळी, सगळे रंगखोलीत जमले. वाफेनं खिडक्या धुरकटल्या होत्या आणि माणसं एकमेकांना अर्धीअर्धीच दिसत होती. दादांनी तुरटीत भिजवलेलं पांढरं कापड पिंपात सोडलं आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहिले. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर, जणू एखाद्या स्टेशनवर गाडीची वाट बघत आहेत.

तासाभरानं दादांनी कापड दांड्यावर घेतलं.

लाल! असा लाल थोरलीनं खूप वर्षांत पाहिला नव्हता. वाफेतून तो वर आला आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पसरला. छोटीच्या, धाकट्या जावेच्या, दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या रीळवाल्याच्या. वन्संचे पांढरे केससुद्धा लाल झाले. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. झालं, तिला वाटलं. फिटलं.

"बाबा!" छोटी ओरडली. "आत्यानं काय मागितलं होतं?"

दादांनी कापड पाण्यात खळबळून काढलं, पिळलं आणि कोपऱ्यातला मातीचा बुधला उचलला. जुने खिळे आंबट शिरक्यात घालून महिनोन् महिने गंजवलेलं ते पाणी होतं, चहासारखं तांबूसकाळं. त्याचे चार थेंबही लालाला विझवतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी बुधला दुसऱ्या पिंपावर कलता केला.

थोरलीनं पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"काय करताय? तुम्ही मला शब्द दिला होतात, लाल करतो म्हणून."

"केला की."

"आणि आता?"

"आता पुढचं."

"पुढचं नाही काही! माझ्या बाजूचे म्हणून तुम्ही हो म्हणालात, आणि आतून बहिणीशी संगनमत?"

"हा रंग पांढऱ्यावर चढत नाही," दादा शांतपणे म्हणाले. "पांढऱ्यावर नुसता गंज बसतो. आधी लाल लागतो."

"मला ते शिकवू नका!" थोरलीचा आवाज फाटला. मग तो तिलाच आवरेना. "तिला लाल मिळायलाच हवा. तिचा लाल होता तो! मी घातला. तिच्या मापाचा, तिच्या खुणेचा, तिच्या बापानं तिच्यासाठी काढलेला, आणि मी परक्या घरातून आले आणि अंगावर चढवून मिरवले. तिनं स्वतः बसून माझ्या कमरेला आवळून दिला. एकतीस वर्षं माझ्या पेटीत ती माशी आहे. मला सगळं माहीत आहे. पहिल्या वर्षापासून माहीत आहे!"

पिंपातलं पाणी तेवढं डुचमळत होतं. छोटी आईकडे बघत राहिली. मोहरीच्या पिवळ्याचा राग तिच्या चेहऱ्यावरून उतरत गेला. आईनं घरातल्या प्रत्येक मुलीच्या अंगावर लाल का लादला, हे तिला इतक्या वर्षांनी समजत होतं. तिनं मुकाट्यानं आईच्या पाठीवर हात ठेवला.

वन्सं स्टुलावरून उठल्या. "तू माशी बघितलीस," त्या म्हणाल्या. "आणि कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? पंख पुरे होते. तुम्ही तुमचा टाका घालून घेतला होतात."

"कुठला टाका?"

"चौथा पंख."

वन्सं आश्चर्यानं तिच्याकडे बघत राहिल्या. मग दाराकडे गेल्या आणि खिळ्यावरचं हातपुसणं काढून घेऊन आल्या. त्याच्या एका काठाशी धागे विरळ झाले होते. बोटभर लांबीचा एक धागा तिथून कुणीतरी कधीतरी ओढून काढला होता, त्याची रेघ अजून दिसत होती.

"तो टाका माझा नव्हता, वहिनी. माझी माशी मी तीन पंखांवरच सोडली होती. पत्र आलं त्या दिवशी सुई खाली ठेवली, ती ठेवलीच. मग तू यायची झालीस. मी अण्णांना म्हटलं, तिला सकाळी सुई द्या, चौथा पंख ती भरेल, पोशाख तिचा होईल. अण्णा म्हणाले, सुई लेकींची असते, सुनांची नाही. मला इतका राग आला! माझं लग्न मोडलं तेव्हाही आला नव्हता तेवढा." त्यांनी फडक्यावरची ती रेघ अंगठ्यानं सारखी केली. "मग मी काय केलं, या हातपुसण्याचा धागा ओढला आणि तुझ्या वतीनं चौथा पंख भरला. माझ्या सोनेरीनं भरला असता तर तो माझाच झाला असता. हा धागा कुणा एकीचा नाही, सगळ्यांचा आहे. सून म्हण, लेक म्हण, वाटेवरची म्हण. वाटलं, तू कधी बघितलंस तर विचारशील, वन्सं, हा एक पंख वेगळा का? मग सांगीन. तू विचारलंच नाहीस."

"मला वाटलं सोनेरी संपला," थोरली म्हणाली. तिला स्वतःचा आवाज खूप लांबून येतोय असं वाटलं.

"या घरात?" धाकटी जाऊ न राहवून म्हणाली. "या घरात धागा संपला?" आणि कुणीतरी हसलं, बहुधा रीळवाला, आणि मग सगळेच, रडता रडता.

"मी लाल नको म्हणते ते रुसून नाही," वन्सं म्हणाल्या. "लाल मी माझ्या हातानं तुला दिलाय. तो मला फार शोभला. टेबलापलीकडे बसलेला मी रोज बघते. आता मला तुझा रंग हवा, त्या चौथ्या पंखाचा."

थोरलीच्या हातात अजून नवऱ्याचं मनगट होतं. तिनं ते सोडलं आणि त्यांच्या हातातून बुधला घेतला. दादा बाजूला सरले आणि लेकीच्या रंगाला बापभावाखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचा कायदा त्या दिवशी वाफेबरोबर खिडकीतून निघून गेला.

"किती ओतू?" तिनं विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

तिनं ओतलं. दादांनी लाल कापड त्या पाण्यात सोडलं आणि सगळे पिंपावर वाकले. आधी काहीच झालं नाही. मग लालाच्या कडा काळवंडल्या, मग एक धूर त्याच्या आतून पसरत गेला, आणि कापड जणू झोपेत कूस बदलावी तसं सावकाश दुसऱ्या रंगाकडे वळलं. थोरलीला वाटलं होतं की लाल मरेल. तो मेला नाही. दादांनी कापड वर घेतलं आणि घडी उलगडली तेव्हा प्रत्येक चुणीच्या पोटात तो होता, मंद, खोल, बघणाऱ्यालाच दिसेल एवढा.

"बास," दादा म्हणाले. त्यांनी हात झटकले, हातपुसण्याला पुसले आणि ते पहिल्यांदाच बायकोपुढे धरलं. तिनंही पुसले.

*

लग्नाच्या दिवशी सकाळी वन्सं खिडकीत उभ्या होत्या. धाकट्या जावेनं पोशाखाला इतकी इस्त्री केली होती की त्याला हात लावायला भीती वाटत होती. छोटीनं कापताना घेर मोठा ठेवला होता, चालताना आतला लाल हलावा म्हणून. बाह्यांवर वन्संनी काहीच काढलं नव्हतं, फक्त पाठीवर, मधोमध, एक उघडी पेटी आणि तिच्यातून बाहेर सांडणारी रिळं. रीळवाल्याला ते अजून माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं लपवलेलं रीळ त्यानं शेवटी आणून दिलं होतं, वन्संनी त्याला यथेच्छ सोललं होतं आणि मग सगळी पेटी त्याच धाग्यानं भरली होती.

"वहिनी, खूण राहिली," वन्सं म्हणाल्या.

थोरली खाली बसली आणि तिनं घेर उलटा केला. आत मधमाशी होती. तीन पंख भरलेले, धुरकट धाग्याचे. चौथ्याची नुसती रेघ.

"सुई घ्या," ती म्हणाली.

"तू घे."

"वन्सं, हा तुमचा टाका आहे."

"तुझा मी एकदा घालून दिलाय. आता तू माझा घाल. धागा मात्र तुझा हवा, घरात तो एकच ठिकाणी मिळतो."

थोरली उठली, माळ्यावर गेली आणि स्वतःच्या पोशाखाच्या शिवणीतून तिनं एक लाल धागा ओढून आणला. एकतीस वर्षांत तिनं या घरात हजारो बटणं लावली होती, मापं लिहिली होती, नक्षीचे अर्थ सांगितले होते. पण लग्नाच्या पोशाखाला सुई लावायला तिला कुणी बसवलं नव्हतं. सुईत धागा ओवताना तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा वन्संनी खाली वाकून सुई धरली आणि तिनं ओवला.

बाहेरून दादांची हाक आली, गाडी आली म्हणून. आज त्यांना बोलायला सुचत होतं.

"थांबायला सांगा!" थोरली आतून म्हणाली. "माझा टाका व्हायचाय."